निरोगी नमुना

१२ फेब्रुवारी

आज आईने पहिल्यांदा माझी लॅब पाहिली. दारातच चपला काढायला लागली. मी घाईने म्हटलं, "अगं, काढायच्या नाहीत, वरून या पिशव्या चढवायच्या." निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पाय घालून ती ओल्या फरशीवर चालावं तशी जपून चालत आली.

"आमच्या लाँड्रीत चादरींना पिशव्या घालतात, इथे माणसांना," ती म्हणाली.

आमच्या लॅबचा एक रिवाज आहे. आजारी माणसांचं रक्त हॉस्पिटलमधून मिळतं. निरोगी माणूस मात्र आपण होऊन सुई टोचून घ्यायला येत नाही. म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाने घरातलं एक निरोगी माणूस आणायचं. आमच्या सिनियर बुवाने (प्रवचनं देतो म्हणून बुवा) मेहुण्याला आणलं होतं. मेहुणा सुई बघूनच आडवा झाला. आमच्याकडे बाबांना मधुमेह आणि धाकट्या भावाचं नाक बारमाही वाहतं. राहिली आई. तिला मी कधी अंथरुणाला खिळलेलं पाहिलेलं नाही. आम्हा दोघांचे जन्म सोडले तर ती दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

सिस्टरने विचारलं, "काही आजार?"

"छे."

"काही औषधं चालू?"

"छे."

"पोटाचा काही त्रास?"

आई हसली. "पोटाचा त्रास कोणाला नाही, बाई? त्याच्यासाठीच तर इस्त्री फिरवतो दिवसभर."

सिस्टरही हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

रक्त देताना आईने विचारलं, यातून तुम्ही काय करणार. मी सांगितलं, की रक्तातल्या पेशींना उलटं मागे न्यायचं, त्या अगदी कोऱ्या होईपर्यंत. अशा कोऱ्या पेशीला स्टेम सेल म्हणतात, तिच्यापासून शरीरातलं काहीही घडवता येतं. आम्ही तिच्यापासून आतड्याचं अस्तर घडवणार.

"माझ्या रक्ताचं आतडं?"

"हो."

"आणि जेवायला कोण घालणार त्याला?"

"मी."

"मग जगेल," आई म्हणाली. सिस्टर कापूस दाबायला विसरली, इतकी हसली.

मी कॉलेजात जायला लागले, तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, शिकून काय दिवे लावणार आहे. त्या दिवशी आईने त्यांच्याशी भांडण केलं नाही. नुसतं म्हणाली, लावेल तेव्हा बघा. आज परत जाताना तिने लॅबच्या दारावरच्या पाटीतली माझ्या नावाची चिकटपट्टी बोटाने नीट दाबून बसवली.


२० जून

आईचं आतडं तयार झालं!

काचेच्या थाळीतल्या जेलमध्ये, भिंगाखाली अर्धपारदर्शक गोळे दिसतात, आतून पोकळ, घड्या पडलेले. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, पहिल्या प्रयत्नात इतकं सुबक अस्तर क्वचित मिळतं. नमुन्यांना आकडे असतात. पण बुवाने लगेच बारसं केलं: आईसाहेब. आता सगळेच विचारतात, "आज आईसाहेबांना खाऊ घातलंस का?"

पुढच्या आठवड्यापासून खरं काम. दाह म्हणजे शरीराने आपल्याच रक्षणासाठी लावलेली आग. ती वेळेवर लागली पाहिजे आणि वेळेवर विझलीही पाहिजे. काही माणसांच्या आतड्यात ती विझतच नाही. आम्ही सर्व नमुन्यांवर दाह पेटवणारं एक प्रथिन घालतो, त्याला लॅबमध्ये काडी लावणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते धुऊन टाकतो आणि बघत बसतो. निरोगी अस्तर हळूहळू शांत होतं. आजाऱ्याचं धुमसत राहतं. का, हे शोधायचं. तेवढं कळलं तरी हॉस्पिटलच्या वॉर्डातली पोरं, जी जेवणाचं ताट बघून रडतात, त्यांच्यासाठी काहीतरी करता येईल. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही. बुवा म्हणेल, भाषण झालं, आता भांडी घास.

घरी आईला फोटो दाखवला. तिने फोन लांब धरून पाहिला. "छान गुबगुबीत आहे की. माझ्यावर गेलेलं दिसत नाही."

ती ब्रेड दुधात बुडवून खात होती. पुन्हा तोंड आलंय तिचं. लाँड्रीतल्या वाफेने उष्णता होते म्हणते. माझंही आलंय, पण माझं जागरणाचं.


४ जुलै

पहिली काडी. आजाऱ्यांचे नमुने अपेक्षेप्रमाणे धुमसत राहिले.

आईसाहेबही.

नक्की माझी चूक. धुताना प्रथिन मागे राहिलं असणार.


१९ जुलै

पुन्हा तेच. या वेळी प्रत्येक थाळी दुप्पट धुतली. काडी लावताच आईसाहेब इतर कोणाहीपेक्षा जोरात भडकतात आणि मग विझायचं नावच नाही. ज्या नमुन्याशी बाकी सगळ्यांची तुलना करायची, तोच असा. फूटपट्टीच वाकडी असेल तर मोजायचं कशाने?

बुवाचं प्रवचन झालं: "पेशी माणसाचा स्वभाव ओळखतात. तू घाबरत घाबरत हात लावतेस, त्या घाबरतात." मी जेलची नवी बाटली उघडली.

सकाळी धाकट्याने न्हाणीचं दार बडवून बडवून सगळी इमारत जागी केली. "आई, आत काय पेपर वाचतेस का रोज? मला कॉलेज आहे!" आतून आईचा आवाज आला, "जाहिराती राहिल्यात, थांब." बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि केसही ओले. एवढ्या सकाळी केस कशाला भिजवले, विचारलं तर म्हणाली, झोप उडावी म्हणून.

माझा शाळेतला निळा स्वेटर तिने काढलाय. तिला अगदी बेताचा बसतो. टाकून देणार होतो तो, वाया गेला नाही म्हणून खूश आहे.


११ ऑगस्ट

जंतूंची तपासणी झाली. काही नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली का, तेही पाहिलं. नाही. जेल, थाळ्या, पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं तापमान, सगळं ठीक. मग उरलं कोण? मी.

चहाच्या वेळी बुवा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचा नमुना चांगलाच आहे रे. हिची आईच बिघडलेली असेल."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माझ्या आईबद्दल बोलायचं काम नाही. तुझा मेहुणा तर उभाही राहिला नव्हता."

"बरं बाई, शरण," त्याने हात जोडले.

नंतर वाईट वाटलं. चेष्टाच करत होता. पण जी बाई दिवसभर वाफेत उभी राहून घरी आल्यावर स्वयंपाकही करते, तिला बिघडलेली कसं म्हणवतं?


९ सप्टेंबर

आज बऱ्याच दिवसांनी उड्या मारत घरी आले.

सांधेदुखीसाठी वापरतात त्या औषधांपैकी एक आईसाहेबांवर टाकून पाहिलं होतं, नुसतं करून बघू म्हणून. विझल्या! इतर आजारी नमुन्यांवर त्याचा काही परिणाम नाही, पण आईसाहेब शांत. अस्तराच्या घड्या पुन्हा उमलल्या. मॅडम भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या, "विचित्र आहे. निरोगी नमुन्याला औषध का लागावं?" मला तेवढं खोलात शिरायचं नव्हतं. विझलं, हेच पुष्कळ.

आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, काडी कोणत्या दिवशी लावता.

"मंगळवारी."

"हं." कपड्याच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "तू तिकडे पेटवतेस, तेव्हा इकडे काही होतं का गं?"

मला हसू आवरेना. तिला कागदावर काढून दाखवलं, इथे तू, इथे थाळी, मध्ये काही नाही. कापलेले केस जाळले तर डोकं दुखतं का?

"केसांचं कळतं मला. हे आतडं आहे ना पण."

"तेच गं, तसंच."

"असेल. मंगळवारी मला जरा जास्त होतं, म्हणून विचारलं."

"काय जास्त होतं?"

"काम. हॉटेलांच्या चादरी मंगळवारीच येतात," आई म्हणाली आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली.


१४ ऑक्टोबर

मॅडमनी निकाल दिला. नोव्हेंबरात बाहेरचे तज्ज्ञ काम तपासायला येणार. त्याआधी आईसाहेबांना निरोगींच्या रांगेतून काढायचं आणि दुसरं कोणीतरी आणायचं. "पुष्कळ वेळ घालवलास. कधीकधी नमुना घडतानाच बिघडतो, त्याचं कारण सापडत नाही." मायेनेच बोलल्या. तरी मला आईला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आईने नेमकं तेच विचारलं. एरवी ती विचारत नाही. मी जेवत होते, ती समोर बसली होती, ताट न घेता.

"माझ्या आतड्याचं काय म्हणतंय?"

"छान आहे."

"तू रोज बघतेस ना ते?"

"रोज."

"निरोगी आहे?"

"एकदम!"

कशाला तिला लागेल असं बोलायचं? बिघाड थाळीत आहे, तिच्यात थोडाच आहे.

"मग बरं," आई म्हणाली. इतका मोठा श्वास सोडला तिने, की मला गंमत वाटली. जणू तिचीच परीक्षा होती आणि ती पास झाली.


६ नोव्हेंबर

आई लाँड्रीत कोसळली. हॉस्पिटलमध्ये आहे. आतड्याला भोक पडलंय. आत्ता ऑपरेशनला नेलं.


७ नोव्हेंबर

सर्जन म्हणाले, आतडं जागोजागी सुजलेलं आणि फोडांनी भरलेलं आहे, हे काही आठवड्यांचं नव्हे. फाटलेला भाग काढला. पण घाण पोटात पसरली होती. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे.

मी म्हटलं, "त्रास नव्हता काही."

बाबा म्हणाले, "वर्ष झालं असेल."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा त्यांचा एक सावकाश आवाज आहे. त्याच आवाजात त्यांनी सर्जनना सगळं सांगितलं. रक्त पडायचं. रात्री उठून बसायची. मुलांना कळू द्यायचं नाही म्हणायची, धाकट्याची परीक्षा आहे, हिचं काम आहे.

बाहेर बाकावर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही डॉक्टरकडे का नाही नेलंत?"

"मागच्या महिन्यात निघाली होती. कपडे घालून तयार होती." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आदल्या दिवशी तू काहीतरी म्हणालीस. मला म्हणाली, नको जायला. पोरगी माझं आतडं रोज भिंगाखाली बघते. एकदम निरोगी आहे म्हणाली. काही असतं तर तिने सांगितलं नसतं का?"

मी पाणी आणते म्हणून उठले. नळ सोडून नुसती उभी राहिले.


८ नोव्हेंबर

लॅबमध्ये चार महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी जेल बदलत बसले.


९ नोव्हेंबर

मॅडम हॉस्पिटलमध्ये आल्या. त्यांनी आनुवंशिकतेच्या डॉक्टरांना आमच्या नमुन्याची माहिती दिली होती. त्या डॉक्टर म्हणाल्या, दाहाला लगाम घालणाऱ्या एका जनुकाची एक प्रत आईत बिघडलेली असावी. सारखं तोंड येणं हीसुद्धा त्याचीच खूण. मुलांकडे येण्याची शक्यता अर्धी. माझं आणि धाकट्याचं रक्त घेतलं. मी ओठाच्या आतून जीभ फिरवत राहिले.

मी त्या सांधेदुखीच्या औषधाबद्दल विचारलं. म्हणाल्या, पोटात जंतू पसरलेले असताना ते देता येत नाही, ते जंतूंशी लढायची ताकदच काढून घेतं. आधी आली असती तर तेच दिलं असतं.

तेच.


१० नोव्हेंबर

आई आज जागी होती. आवाज घोगरा. मी हात धरला तर म्हणाली, "थंड आहेत तुझे हात. जेवलीस?"

मी ठरवून आले होते, तिला सांगायचं. सगळं सांगितलं. आईसाहेब औषधाशिवाय कधीच शांत झाल्या नव्हत्या. मी तिला एकदम निरोगी म्हटलं, ते खोटं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून.

ती छताकडे बघत होती. "म्हणजे काचेत होतं ते माझंच?"

"तुझंच."

"आणि खरं सांगत होतं."

"हो."

"म्हणजे मी नापास."

"आई, मी नापास गं."

"गप. तुझं अजून शिक्षण चालू आहे." मग तिने मान वळवली. झोप लागली असं वाटलं. डोळे मिटूनच तिने विचारलं, "अजून आहे ते तिकडे?"

"आहे."

"मंगळवारी पेटवतात?"

"हो."

"नको पेटवूस आता."

मी कागद काढला नाही. केसांचं उदाहरणही दिलं नाही. "नाही पेटवणार," म्हटलं.

"कोणालाच पेटवू देऊ नकोस."

"नाही देणार."


१३ नोव्हेंबर

आई गेली. पहाटे. बाबा तिच्याजवळ होते.


१ डिसेंबर

लॅबमध्ये गेले. माझ्या जागेवर कोणी काही हलवलं नव्हतं. माझ्या गैरहजेरीत बुवा आईसाहेबांना खाऊ घालत होता. आता तो त्यांचा उल्लेख आकड्यानेच करतो. मला बघून उभा राहिला आणि माझी खुर्ची पुसायला लागला. त्याला ऑगस्टमधलं बोलणं आठवत असणार. मी म्हटलं, "तू एकट्याने बरोबर ओळखलं होतंस." ते त्याला जास्तच लागलं. मला टोचायचं नव्हतं.

मॅडमनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, या आजाराचे नमुने जगात फार थोडे आहेत. औषधाचा परिणामही यावर दिसलाय. नोव्हेंबरची तपासणी पुढे ढकललीय, आता मुख्य काम हेच होईल आणि ते माझंच असेल.

मी त्यांना आईला दिलेला शब्द सांगितला.

त्या डोळे चोळत बसल्या. "काडी लावायची नसेल तर नमुना ठेवून उपयोग नाही. आणि तो इथे आहे तोवर, मी नसले, तू नसलीस, तरी कोणीतरी लावेलच. तो असतो त्यासाठीच."

"मग तो नसावा."

"तुझ्या रक्ताचा निकाल आला ना?"

"आला. माझ्यात आहे. धाकट्यात नाही."

"मग तू स्वतःच्याही औषधावर पाणी सोडते आहेस. कळतंय ना?" मी मान हलवली. "वारस म्हणून तुझे बाबा नमुना नष्ट करायला सांगू शकतात. त्यांनी सांगितलं तर मी अडवणार नाही. पण त्यांना पूर्ण समजावून सांग. नीट, खरं."


४ डिसेंबर

बाबांना समजावून सांगितलं. ते स्क्रू ड्रायव्हर पुसत ऐकत होते.

"दुसऱ्या कोणाच्या आईच्या कामी येईल म्हणतेस?"

"येऊ शकेल."

"तुझ्या?"

"माझ्याही."

"मग तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ज्या पोरांसाठी मी या कामात आले, त्यांची नावं आठवत नाहीत, तोंडं आठवतात. त्यांच्याकडे पाठ फिरवल्यासारखं होईल. पण आईला मी एकदा खोटं सांगितलंय. दुसऱ्यांदा सांगायचं माझ्यात बळ नाही.

बाबांनी हत्यारं पेटीत लावली. "लग्न झाल्यापासून त्या बाईने कोणाला, हे नको करूस, असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मलासुद्धा नाही. म्हणायला हवं होतं पुष्कळदा." मग म्हणाले, "कुठे सही करायची?"

धाकटा आतून सगळं ऐकत होता. रडत म्हणाला, "तुला काही झालं तर मग? मी काय करायचं?" मी त्याला सांगितलं, मला ते औषध आता वेळेवर मिळेल, आईने तेवढं करून ठेवलंय. आणि माझं रक्त मी लॅबला देऊ शकतेच. त्याला पटलं की नाही, कळलं नाही. त्याने मला जेवायला वाढलं.


८ डिसेंबर

बुवा म्हणाला, "मी करतो. तू बाहेर बस."

"नको."

"मग दाराशी उभा राहतो." आणि राहिला. प्रवचन नाही, काही नाही.

आधी आईसाहेबांच्या गोठवून ठेवलेल्या पेशींच्या कुप्या टाकीतून काढल्या. त्यांच्यावर नुसती पांढरी वाफ होती, त्यांचं फार वाटलं नाही. मग जिवंत थाळ्या. एकदा भिंगाखाली पाहिलं. अस्तर शांत होतं, घड्या उमललेल्या. बुवाने चांगली निगा राखली होती.

नमुना नष्ट करताना ब्लीच ओततात. पेशींना खाऊ घालायचा द्रव आधी कोमट करून घ्यायचा असतो, गार ओतला तर त्या आखडतात. ब्लीच कोमट करायचं काही कारण नाही, कोणी करत नाही.

मी बाटली दोन्ही हातांत धरून बसले, तिचा गारवा जाईपर्यंत. मग ओतलं.